घरात व्हिडिओ गेम खेळून व्यायाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यात शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. मिरगाचा पाऊस सुरू झाला, मैदानं चिखलात गेली की पालकांचे तेच प्रश्न येतात. कुणाच्या घरी बोटीवर नोकरी करणाऱ्या मामानं आणलेला कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र) असतो, कुणाला तो घ्यायचा असतो, आणि कुणाला मुलाच्या हातातला मोबाइल कसा सोडवायचा हे हवं असतं. सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. माझं मत आधीच सांगून ठेवतो: यंत्र सगळ्यात शेवटी घ्यावं. आधी जागा करा, वेळ ठरवा, फुकटात होतं तेवढं करून बघा.

टीव्हीसमोर हातवारे करण्याला व्यायाम म्हणायचं का?

ते खेळावर आहे, आणि त्याहून जास्त खेळणाऱ्यावर. श्रम मोजायला ‘मेट’ नावाचं माप वापरतात. स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च १ मेट धरतात. ३ ते ६ मेट म्हणजे मध्यम श्रम, ६ च्या वर जोरदार. निन्टेन्डोच्या वी कन्सोलवरचे खेळ जपानमधल्या संशोधकांनी असे मोजले, तेव्हा गोल्फ २ च्या आसपास भरला, टेनिस ३ आणि बॉक्सिंग ४ च्या थोडं वर. म्हणजे गोल्फ खेळणं हे उभ्यानं भांडी घासण्याइतकंच. बॉक्सिंग मात्र झपझप चालण्याच्या रांगेत बसतं.

त्यातही एक मेख आहे. वीचं टेनिस सोफ्यावर बसून नुसतं मनगट झटकूनही जिंकता येतं. मुलांना हे दुसऱ्याच दिवशी कळतं. हातात धरलेल्या रिमोटला मनगटाची हालचाल समजते, पाय हलले की नाही ते त्याला कळत नाही. म्हणून घरात एकच नियम लावा: उभं राहून, पाय हलवूनच खेळायचं.

मग पुरेसे श्रम झाले हे ओळखायचं कसं?

घामावरून ओळखू नका. आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही. जुलैत बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, नुसतं बसलं तरी अंगरखा भिजतो. बोलण्यावरून ओळखा. खेळता खेळता गप्पा मारता येतात, पण आरतीचं एक कडवं सुरात म्हणता येत नाही, तर श्रम मध्यम आहेत. चार शब्द बोलून दम लागला तर जोरदार. आणि अख्खी आरती झांजेसकट म्हणता येत असेल तर खेळाची पातळी वाढवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम करावेत, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारा व्यायाम. आठवड्यातून पाच दिवस रोज अर्धा तास धरला तर पहिला आकडा गाठता येतो.

यानं वजन उतरतं का?

एकट्या गेमनं फारसं नाही. हिशेब सोपा आहे: मेट गुणिले वजन गुणिले तास. ६० किलोच्या माणसानं ४ मेटचा खेळ अर्धा तास खेळला तर १२० किलोकॅलरी. ३०० मिलिलिटर कोल्ड्रिंकच्या बाटलीत साधारण तेवढ्याच असतात. खेळून झाल्यावर फ्रिज उघडला की हिशेब शून्यावर येतो. पण दम टिकणं, साखर आटोक्यात राहणं, रात्री झोप लागणं हे फायदे वजन उतरलं नाही तरी मिळतात. मी पालकांना काटा महिनाभर कपाटावर टाकायला सांगतो.

कुठलं यंत्र घ्यावं? बाजारात इतकी नावं आहेत.

थोडा इतिहास सांगितला तर जुन्या बाजारातली नावं ओळखायला सोपं जाईल. कोनामीचं डान्स डान्स रेव्होल्यूशन १९९८ साली जपानच्या आर्केडमध्ये (पैसे टाकून गेम खेळायच्या दुकानांत) आलं. पायाखालच्या बाणांवर तालात पाय टाकायचा. २००६ मध्ये वी आला आणि हात हलवून खेळणं घराघरांत पोचलं. इतकं की रिमोट हातातून निसटून टीव्हीवर बसू लागले, आणि निन्टेन्डोला त्याच वर्षी सुमारे ३२ लाख मनगटी दोऱ्या बदलून द्याव्या लागल्या. ती दोरी आजही मनगटात घालायचीच. हे मी मुलांना सांगतो आणि त्यांच्या बाबांनाही सांगावं लागतं. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० कन्सोलला जोडायचा काइनेक्ट आला, म्हणजे हातात काहीच न धरता कॅमेऱ्यासमोर खेळायचं. त्याचं उत्पादन २०१७ मध्ये बंद झालं, तरी जुन्या बाजारात तो अजून मिळतो.

आज घ्यायचा तर व्यायामासाठी माझी पहिली पसंती निन्टेन्डो स्विचवरच्या रिंग फिट ॲडव्हेंचरला. हा खेळ २०१९ चा आहे. एक लवचिक कडं असतं, ते दाबायचं आणि ताणायचं. उजवा जॉय-कॉन (स्विचचा सुटा कंट्रोलर) त्या कड्यात बसतो, डावा मांडीला पट्ट्यानं बांधायचा. राक्षसाशी लढाई म्हणजे प्रत्यक्षात उठाबशा, पोटाचे व्यायाम, योगासनं. श्रमाची पातळी १ पासून ३० पर्यंत ठरवता येते, म्हणून एकाच यंत्रावर आठवीतला मुलगा आणि त्याची आई दोघंही आपापल्या ताकदीनं खेळू शकतात. इतर खेळ हृदयाला पळवतात. हा स्नायूंना ताकद लावायला लावतो, आणि घरातल्या व्यायामात नेमकी तीच बाजू राहून जाते.

नाचाची आवड असेल तर जस्ट डान्स. त्यात मोबाइलच हातात धरून खेळता येतो. बीट सेबरसारखे व्हीआरचे, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट बांधून खेळायचे खेळ दम काढतात यात शंका नाही, पण हेडसेट महाग, आणि आपल्या हवेत दहा मिनिटांत आतल्या भिंगांवर वाफ धरते. पहिलं यंत्र म्हणून मी तो सुचवत नाही.

निन्टेन्डोची भारतात अधिकृत विक्री नाही. जो माल मिळतो तो आयातदारांकडून येतो, म्हणून वॉरंटी कोण देणार हे पैसे देण्याआधी विचारा. आणि स्विच लाइट या कामासाठी घेऊ नका. तो टीव्हीला जोडता येत नाही आणि त्याचे कंट्रोलर सुटे होत नाहीत. स्विच २ असेल तर रिंग फिट त्यावर चालतं, पण कड्यात बसवायला जुने जॉय-कॉन लागतात.

पैसे घालायचे नाहीत. काही होईल का?

होईल. ॲक्टिव्ह आर्केडसारखी मोफत ॲप मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून तुमचं शरीर ओळखतात. पडद्यावरचा चेंडू हातानं मारायचा, खाली आलेली वस्तू उडी मारून चुकवायची. मोबाइल स्टुलावर पाणी भरलेल्या बाटलीला टेकवून ठेवा आणि साधारण दोन मीटर मागे सरका. चित्र लहान दिसत असेल तर टीव्हीवर दाखवा. पाठीमागे उघडी खिडकी असेल तर कॅमेऱ्याला तुमची नुसती सावली दिसते आणि खेळ गोंधळतो. उजेड समोरून येऊ द्या.

त्याहून स्वस्त म्हणजे दोरीच्या उड्या आणि भिंतीला लावलेली वही. ‘लेव्हल’ तुम्हीच ठरवायच्या, गुण वहीत मांडायचे. मुलांना गुण दिसले पाहिजेत, ते कन्सोलवर दिसतात की वहीत याचं त्यांना फारसं पडलेलं नसतं.

मुलगा दिवसभर बीजीएमआय (मोबाइलवरचा लढाईचा गेम) खेळतो. त्यालाच व्यायाम जोडता येईल का?

येतो, पण बहुतेक घरांत तो शिक्षा म्हणून जोडला जातो: मेलास की वीस उठाबशा. हे मला पटत नाही. हरल्याच्या रागात मारलेल्या उठाबशा वाकड्यातिकड्या होतात, आणि व्यायाम म्हणजे हरलेल्याला मिळणारी गोष्ट असं डोक्यात बसतं. त्यापेक्षा खेळातली रिकामी वेळ पकडा. खेळाडू गोळा होईपर्यंत लॉबीत थांबावं लागतं, विमानातून उडी मारेपर्यंत हात मोकळे असतात, आपण आधी मेलो आणि टीम चालू असली तर नुसतं बघत बसायचं असतं. या वेळी उभं राहायचं: भिंतीला पाठ टेकवून खुर्चीसारखं बसणं, टाचा उचलणं, जागच्या जागी धावणं. फुटबॉलचा गेम खेळणाऱ्यांना हाफ टाइम आयताच मिळतो.

आणखी एक सौदा घरोघरी चालतो: अर्धा तास अंग हलवलं की अर्धा तास बसून खेळायला मोकळीक. चालतो, फक्त घड्याळ आईबाबांच्या हातात हवं. मुलाशी भांडून मोबाइल काढून घेण्यापेक्षा त्याच्याबरोबर एक डाव खेळून बघा. तो काय खेळतो ते कळलं तर मधली रिकामी वेळही दिसेल.

मुलांना किती वेळ पुरे?

५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल हवी. ती एका दमात व्हायला नको. सकाळी १५, शाळेतून आल्यावर २०, असं चालतं. २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरातला पडदा एका तासाच्या आत ठेवायला सांगितलं आहे, आणि दोन वर्षांच्या आतल्या बाळाला अजिबात नको. छोट्यांसाठी कन्सोलच्या भानगडीत पडू नका, गाणं लावा आणि त्यांच्याबरोबर नाचा.

क्वेस्टसारखे व्हीआर हेडसेट १० वर्षांच्या आतल्या मुलांना देऊ नका. कंपनीची वयोमर्यादाच तशी आहे. घरात कुणाला अपस्माराचा त्रास असेल तर झगमगत्या पडद्याच्या खेळाआधी डॉक्टरांना विचारा.

आमचं घर जुनं आहे, वसरी आणि दोन खोल्या. जागा किती लागते?

दोन हात पसरून स्वतःभोवती एक चक्कर मारा. काहीही लागलं नाही तर एका माणसाचं काम होतं. काइनेक्टला एका खेळाडूसाठी सुमारे ६ फूट अंतर लागतं, दोघांना ८. चालत-फिरत व्हीआर खेळायला साधारण २ मीटर गुणिले २ मीटर मोकळी जागा धरा.

आता वर बघा. कौलारू घरात पाटण (छत) उंच असतं, तिथे भीती नाही. फ्लॅटमध्ये मात्र पंखा डोक्यावरच फिरत असतो, आणि हात वर नेऊन मारायचा फटका थेट पात्यावर बसू शकतो. पंख्याखाली उभं न राहता दोन पावलं बाजूला उभं राहा, म्हणजे वाराही लागेल.

पावसात फरशी घामेजते. ओलसर फरशीवर मोजे घालून उडी मारणं म्हणजे घसरायचं निमंत्रण. खेळण्याआधी सुक्या फडक्यानं जागा पुसा आणि खालून पकड धरणारी योगा मॅट घाला. सतरंजी नको, ती पायाखालून सरकते. जुन्या माडीवर लाकडी जमीन असेल तर उड्यांचे खेळ खालच्या मजल्यावर न्या.

खालच्या मजल्यावरचे शेजारी तक्रार करतात.

रिंग फिटमध्ये आवाज न करता खेळायची सोय आहे. ती चालू केली की धावण्याच्या जागी गुडघे हलके वाकवायचे असतात. बॉक्सिंगच्या खेळात पाय जमिनीवरच राहतात, तेही रात्री चालतं. एवढं करूनही तक्रार आली तर वेळ बदला. दुपारी दोन ते चार मात्र चुकूनही खेळू नका. गोव्यात दुपारची झोप मोडणाऱ्याला कुणी माफ करत नाही.

लाईट जाते, व्होल्टेज वर-खाली होतं. यंत्राचं काय?

टीव्ही आणि कन्सोल सर्ज प्रोटेक्टरवर (व्होल्टेजचा झटका अडवणाऱ्या बोर्डावर) लावा. गडगडायला लागलं की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा. केबल किंवा डिशची वायर आणि इंटरनेटची लॅन वायरही काढा, कारण वीज त्या वाटेनंही आत येते.

परदेशातून आणलेल्या यंत्राचा ॲडॅप्टर उलटा करून बारीक अक्षरं वाचा. ‘१००–२४० व्होल्ट’ लिहिलं असेल तर बिनधास्त लावा. स्विचचा तसाच असतो. आखाती देशांतला मालही आपल्या २३० व्होल्टला चालतो, फक्त तीन पिनांच्या प्लगला कन्व्हर्टर लागतो. पण बोटीवर काम करणारे मायामीला उतरतात आणि तिथला जुना वी किंवा एक्सबॉक्स ३६० घेऊन येतात. त्यांचे अमेरिकी ॲडॅप्टर तिथल्या १२० व्होल्टसाठी बनवलेले असतात. इथे थेट लावला की ॲडॅप्टर जळालाच म्हणून समजा.

दमट हवेचं वेगळं दुखणं आहे. काइनेक्टच्या कॅमेऱ्यावर आणि व्हीआरच्या भिंगांवर बुरशी धरते. वापरून झालं की सुक्या मायक्रोफायबर कपड्यानं पुसा आणि सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर झाकणाच्या डब्यात ठेवा. व्हीआरच्या भिंगांना स्पिरिट लावू नका. आणि वास जावा म्हणून हेडसेट उन्हात तर कधीच ठेवू नका. भिंगातून ऊन एकवटतं आणि आतला पडदा भाजून काढतं.

मला मधुमेह आहे. हे खेळले तर चालेल?

हा प्रश्न गोव्यात उगाच येत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) इंडियाब या मधुमेहाच्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले, त्यात मधुमेहाचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त गोव्यात निघालं: २६.४ टक्के. म्हणजे दर चार मोठ्या माणसांत एकाहून जास्त.

खेळणं फायद्याचंच आहे, पण डॉक्टरांशी बोलून सुरू करा. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर खेळताना, आणि खेळून झाल्यावर काही तासांनीही साखर खाली जाऊ शकते. सुरुवातीला आधी आणि नंतर मोजा. १०० च्या खाली असेल तर थोडं खाऊन मगच उभे राहा. साखर किंवा ग्लुकोजची पुडी टीव्हीजवळच ठेवा, आतल्या खोलीत नको. हात थरथरले, दरदरून घाम आला, डोकं गरगरलं तर डाव अर्धा राहू द्या.

पायांची संवेदना कमी झाली असेल तर अनवाणी खेळू नका. घरात चपला घालत नसाल तर या कामासाठी एक स्वच्छ बुटांचा जोड वेगळा ठेवा, आणि झाल्यावर तळवे बघा. डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झाला असेल तर उड्या आणि जोर लावायचे व्यायाम डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. रक्तदाब असलेल्यांनी रिंग फिटचं कडं दाबताना श्वास कोंडू नये, दाबताना सोडत राहावा.

आजीला खेळायला लावावं का?

लावू नका, खेळत असताना बोलवा. बॉलिंग हा आजी-आजोबांचा हमखास खेळ. दोघांत बारी बारी येते, नियम समजवावा लागत नाही, आणि नातवाला हरवल्याचा आनंद वेगळाच. पाठीमागे जड खुर्ची ठेवा, स्टूल किंवा चाकांची नको. साडी किंवा कापड पायात येणार नाही इतकं वर खोचा. वीचा बॅलन्स बोर्ड (वर उभं राहून खेळायची फळी) जमिनीपासून थोडा उंच असतो, खाली उतरताना तोल जातो. भिंतीला हात पोचेल अशाच ठिकाणी तो ठेवा आणि उतरेपर्यंत कुणीतरी शेजारी उभं राहा. श्रम म्हणून बॉलिंग हलकाच आहे, पण सोफ्यावरून दहा वेळा उठणं-बसणं त्या वयात छोटी गोष्ट नव्हे.

आम्ही चवथीला (गणेशचतुर्थीला) फुगडी घालतो. हे गेम कशाला हवेत?

त्या दिवसांत नकोतच. फुगडीचा एक फेरा धरलेल्या बाईला कुठल्याही बॉक्सिंग गेमची गरज नाही. अडचण मधल्या महिन्यांची आहे. चवथ संपते, बायकांचा धालोचा नाच पौषात, मग होळीचा शिगमो, आणि मधे दिवसेंदिवस अंग हलत नाही. तिथे हे कामाला येतात. गेम न घेता फुगडीचाच व्हिडिओ लावून दोघी-तिघींनी वीस मिनिटं घातली तरी माझी हरकत नाही, उलट तेच जास्त आवडेल.

खांदा दुखायला लागला. गेममुळे असेल का?

असेल. २००७ मध्ये एका डॉक्टरानं वीवर टेनिस खेळून स्वतःचाच खांदा दुखावून घेतला आणि न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनला ते पत्रानं कळवलं. रिमोटला वजन नसतं, खऱ्या चेंडूचा धक्का नसतो, म्हणून हात दमल्याचं लवकर कळत नाही आणि आपण तासभर फटके मारत राहतो. पहिला आठवडा १५ मिनिटांच्या वर जाऊ नका. आधी पाच मिनिटं जागच्या जागी चाला, खांदे फिरवा. रिकाम्या हवेत हात पूर्ण ताणून ठोसा मारू नका, कोपर किंचित वाकलेलं ठेवा. दुखणं आठवडाभर राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखलं तर मात्र वाट बघत बसू नका, १०८ ला फोन लावा.

व्हीआर घातलं की मळमळतं.

डोळे सांगतात आपण पळतोय, कानातला तोल सांगतो उभे आहोत. या भांडणातून मळमळ येते. ज्या खेळात आपण जागेवर उभे असतो आणि वस्तू आपल्याकडे येतात ते आधी खेळा. पंखा तोंडावर घ्या. मळमळ सुरू झाली की लगेच थांबा, रेटून सवय होत नाही. कढी-भात जेवून लगेच तर हेडसेट घालूच नका.

दोन आठवड्यांत कंटाळा येतो, मग यंत्र धूळ खातं.

बहुतेक घरांत असंच होतं. एकट्यानं खेळणाऱ्यांचा कंटाळा लवकर येतो, म्हणून वाड्यावरची दोन-तीन घरं ठरवून खेळा, शनिवारी एकाकडे, रविवारी दुसऱ्याकडे. खेळ बदलत राहा. आणि पाऊस ओसरला, मैदान सुकलं की मुलांना बाहेर सोडा. नोव्हेंबरात कन्सोल धूळ खात पडला असेल तर मला त्यात काही वावगं दिसत नाही.

जुनं यंत्र विकत घेताना काय तपासायचं?

घरी नेऊन नव्हे, विकणाऱ्याच्या टीव्हीवर चालवून बघा. रिंग फिटचं कडं पूर्ण दाबा आणि सोडा. पडद्यावरचं कडंही तितकंच दबून परत आलं पाहिजे. मांडीच्या पट्ट्याचं वेल्क्रो घामानं सैल झालेलं असतं, पाच-सहा वेळा लावून-काढून बघा. काइनेक्ट जुन्या जाड एक्सबॉक्स ३६० ला जोडायचा असेल तर त्याचा वेगळा पॉवर ॲडॅप्टर लागतो. बारीक मॉडेलला नाही. नव्या एक्सबॉक्स सीरिज एक्स किंवा एस वर काइनेक्ट चालतच नाही. वी घेत असाल तर आधी आपल्या टीव्हीच्या पाठीमागे लाल-पांढरी-पिवळी एव्ही पिन आहे का ते बघून जा, बऱ्याच नव्या टीव्हींना ती नसते. वीच्या डिस्क ज्या प्रदेशाच्या, यंत्रही त्याच प्रदेशाचं लागतं. अमेरिकी डिस्क युरोपच्या यंत्रावर चालत नाही, तेव्हा डिस्क यंत्रात घालून खेळ सुरू झाल्याशिवाय पैसे देऊ नका. बॅलन्स बोर्डाच्या पोटातलं सेलचं झाकण उघडून बघा. पावसाळाभर सेल आत राहिले असतील तर हिरवट थर दिसेल. तो दिसला तर किंमत पाडून मागा किंवा सरळ नको म्हणा.